मुंबई, दुबई, जर्मनी, टोरंटो : पाच मित्र, शनिवारची रात्र, एकत्र गेम कसा जमवायचा?

कट्टेकर :

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा पाच जणांचा कॉलेजचा ग्रुप. मी दादरला, एक गोरेगावात, एक दुबईत, एक जर्मनीत स्टुटगार्टला आणि एक टोरंटोला. व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड सोडून काही उरलेलं नाही, म्हणून शनिवारी रात्री ऑनलाइन काहीतरी खेळायचं ठरतंय.

हत्यारं अशी : माझ्याकडे बरा ग्राफिक्स कार्डवाला पीसी, गोरेगावकडे फक्त फोन, दुबईकडे फोन आणि ऑफिसचा लॅपटॉप, स्टुटगार्टकडे पीएस५ (प्लेस्टेशन), टोरंटोकडे फोन आणि एक जुनाट लॅपटॉप. पूर्वी सगळे बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळायचे, पण टोरंटोवाल्याला नव्या फोनवर तो स्टोअरमध्ये सापडतच नाहीये.

अडचणी : १) कोणता गेम पाचही जणांकडे चालेल? २) पिंगचं (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचं) काय करायचं? ३) माझ्या पीसीवर माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर टाकलाय, राउटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केलाय (म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठी दार उघडलंय), घरातल्या घरात मस्त चालतो, बाहेरून कोणालाच लागत नाही. ४) वनबीएचके आहे, रात्री घरचे झोपलेले असतात. बोलायचं कसं?

खर्च थोडाफार चालेल, पण पाच जणांनी पाच नवी मशिनं घेणं शक्य नाही.

पिंग_पंडित :

आधी बीजीएमआयचा निकाल लावू. तो गेम फक्त भारतापुरता आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्यानंतर २०२१ मध्ये भारतासाठी वेगळा बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही काढला गेला आणि २०२३ मध्ये परतला. बाहेरच्या देशात मिळतो तो पबजी मोबाइल, त्याचे सर्व्हर आणि खाती वेगळी. दोन्हीकडचे लोक एका मॅचमध्ये येऊ शकत नाहीत. कुठून तरी एपीके (अ‍ॅपची फाइल) उतरवून आणि व्हीपीएन लावून (आपला देश लपवून) घुसायचे उपाय यूट्यूबवर भरपूर दिसतील. खातं बंद झालं की तेच लोक कमेंटला उत्तर देत नाहीत.

व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमचंही असंच. मुंबईत त्यांचा सर्व्हर आहे, पिंग झकास मिळतो, पण खात्याचा प्रदेश देशावरून ठरतो. टोरंटोचं खातं उत्तर अमेरिकेत, तुमचं आशिया-पॅसिफिकमध्ये. दोघं एका पार्टीत बसूच शकत नाहीत. परदेशी विखुरलेल्या ग्रुपचे बेत पिंगपेक्षा या प्रदेशाच्या कुंपणामुळेच जास्त फसतात. म्हणून गेम विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा : वेगवेगळ्या मशिनांवरून एकत्र खेळता येतं का, आणि वेगवेगळ्या देशांतली खाती एका खोलीत येतात का.

आता पिंग. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच. यात कंपनी, प्लॅन, राउटर कोणीही काही करू शकत नाही. मुंबई ते दुबई सरळ रेषेत साधारण १,९०० किमी, फ्रँकफर्ट ६,६०० च्या आसपास, टोरंटो साडेबारा हजार. केबल सरळ रेषेत जात नाही : वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, मग युरोप. त्यामुळे प्रत्यक्षात दुबई ३० ते ५०, फ्रँकफर्ट ११० ते १४०, टोरंटो २०० ते २५० दिसेल. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा युरोपकडचा रस्ता कित्येक दिवस लांबून चालू होता. असं झालं की राउटर दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो.

यातून एक साधा हिशोब निघतो. सर्व्हर मुंबईचा घेतला तर तुम्ही राजे आणि टोरंटोवाला २२० वर रखडणार. फ्रँकफर्टच्या बाजूचा घेतला तर मुंबईला १२० च्या आसपास, दुबईलाही तेवढाच, टोरंटोला शंभरेक, आणि स्टुटगार्टवाल्याची चैन. जिथे प्रदेश निवडायची सोय असेल तिथे युरोप निवडा. नेमबाजीच्या गेमला १२० म्हणजे समोरचा दिसायच्या आत आपण मेलेलो. त्याला ६० च्या खाली हवा. पण माइनक्राफ्ट, एज ऑफ एम्पायर्ससारखे गेम २०० पर्यंत चालवून घेतात, आणि पाळीपाळीने खेळायच्या गेमला ५०० असला तरी कोणाला कळतही नाही.

एज ऑफ एम्पायर्स २ सुचवायला हात शिवशिवतायत, पण तुमच्यात दोघं फोनवाले, त्यामुळे गप्प बसतो.

आयटी_हमाल :

पिंग_पंडितांनी समुद्रापलीकडचं सांगितलं, मी घरातलं सांगतो, कारण ‘लॅग’ (गेम अडखळणं) म्हणून जे ओरडतात त्यातला बराचसा दिवाणखान्यातच तयार होतो.

पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग कमांड द्या, पुढे राउटरचा पत्ता (बहुतेकदा १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१) आणि शेवटी डॅश टी. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, कंट्रोल-सी दाबून थांबवा. केबल लावली असेल तर आकडा सतत १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी हवा. वायफायवर २ ते ५ ठीक. मध्येच ८०, १५०, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं दिसलं तर दोष तुमच्या वायफायचा आहे, केबलवाल्याला शिव्या घालू नका. हे स्वच्छ असेल तर तीच परीक्षा ८.८.८.८ वर. तिथे रात्री नऊ ते अकरा आकडा चढत असेल आणि सकाळी सातला उतरत असेल, तर मात्र कंपनीकडे गर्दी आहे. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट लावून तक्रार करा. नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की ते स्पीड टेस्ट करायला सांगून तिकीट बंद करतात. स्पीड टेस्ट चांगलीच येते, कारण गेमला वेग लागतच नाही. गेम तासाला साधारण ५० ते १०० एमबी खातो. त्याला लागतं ते सातत्य.

मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे वीस-पंचवीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरने कोणता मोकळा ते बघा. ५ गिगाहर्ट्झ मोकळं असतं पण आरसीसीची एक भिंत ओलांडली की दमतं. पीसीसाठी सरळ कॅट६ ची चपटी केबल घ्या, स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा मारत न्या. १०० मीटरपर्यंत काही फरक पडत नाही, तुमच्या घरात १५ मीटर पुरेल. केबल दाराच्या फटीतून नेताना दार लागताना ती चेंगरत नाही ना ते बघा. आतली एखादी जोडी तुटली तर १,००० ऐवजी १०० एमबीपीएसवर जोडली जाते आणि कारण लवकर सापडत नाही.

अजून एक नेहमीचा चोर : घरातल्या कोणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप. अपलोडची वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते आणि पिंग १० वरून ३०० वर जातो. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घाला. कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय बहुधा नसते. मग शनिवारी रात्री बॅकअप बंद ठेवणं एवढाच उपाय.

आता तुमचा पोर्ट. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) काय दिसतो ते बघा आणि गूगलवर ‘माझा आयपी काय’ विचारून येणारा आकडा त्याच्याशी ताडा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये चूक आहे. वेगळे असतील तर पुढे वाचायची गरज नाही, इथे आकडा टाका. पूर्ण नको, पहिले दोन भाग पुरेत.

कट्टेकर :

पिंग राउटरपर्यंत केबलवर १ च्या खाली, छान. वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतो, गूगल १०३ ने सुरू होणारा काहीतरी वेगळाच दाखवतंय.

आयटी_हमाल :

मग ठरलं, तुम्ही सीजीनॅटमागे आहात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास यासाठीच राखलेले आहेत. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडतात म्हणून कंपनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. सोसायटीच्या गेटवर एकच पत्रपेटी आणि वॉचमनला फ्लॅट नंबर माहीत नाही, अशी ती व्यवस्था. तुम्ही तुमच्या राउटरचं दार उघडलंत, पण बाहेरचं पाकीट त्या दारापर्यंत पोचतच नाही. २५५६५ दहा वेळा उघडून काही होणार नाही.

वाटा तीन. एक, कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. बरेच जण वेगळे पैसे घेऊन देतात. दोन, टेलस्केलसारखं खासगी जाळं : सर्व्हरच्या पीसीवर आणि प्रत्येक मित्राच्या मशिनवर बसवायचं, खात्यात एकमेकांना सामील करायचं, मग मित्राने तुमच्या मशिनचा टेलस्केल पत्ता टाकून जोडायचं. वैयक्तिक वापराला फुकट आहे. गंमत अशी की टेलस्केलचे पत्तेसुद्धा १००.६४ ते १००.१२७ मधलेच असतात, त्यामुळे राउटरवरचा १००.८१ मित्राला पाठवू नका, टेलस्केलच्या अ‍ॅपमध्ये दिसतो तो पाठवा. जोडल्यावर टेलस्केलची स्टेटस कमांड मारून ‘डायरेक्ट’ लिहिलंय की ‘रिले’ ते बघा. रिले असेल तर पाकिटं तिसऱ्याच गावाहून फिरून येतात आणि पिंग फुगतो. तीन, सर्व्हर घरी ठेवायचाच नाही.

घरी ठेवलात तर पाच जणांच्या साध्या जगाला २ ते ३ जीबी रॅम द्या, सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्ह्यू डिस्टन्स १० असतं ते ७-८ करा, आणि व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्यांनाच प्रवेश) चालू करा. उघडे सर्व्हर शोधत फिरणारे बॉट आहेत. व्हाइटलिस्ट नसेल तर एक दिवस तुमचं गाव जळलेलं सापडेल.

मोहोर :

हमालसाहेब, सगळं बरोबर, पण तुम्ही जावाच्या दारात उभे राहून चर्चा करताय! कट्टेकर, तुमचा सर्व्हर जावाचा आहे. फोनवर आणि पीएस५ वर चालतो तो बेडरॉक, माइनक्राफ्टचीच पण वेगळी आवृत्ती. पोर्ट उघडला असता तरी गोरेगाव, दुबई आणि स्टुटगार्ट बाहेरच राहिले असते. टोरंटोचा जुनाट लॅपटॉप तेवढा कसाबसा आला असता.

तुमच्या ग्रुपला बेडरॉकच हवा. पीसीवर तुमच्याकडे जावा असेल तर बेडरॉकही त्याच खरेदीत आहे, २०२२ पासून दोन्ही एकत्रच मिळतात. फोनवर आणि पीएस५ वर मात्र ज्याने-त्याने वेगळा घ्यायचा. गीझर नावाचा प्लगइन टाकून जावाच्या सर्व्हरवर बेडरॉकवाल्यांना घेता येतं, पण पीएस५ ला हवा तो पत्ता टाकून सर्व्हर जोडण्याची सोयच नाही. त्यात फक्त ठरावीक मोठे सर्व्हर, मित्राचं जग किंवा रेल्म (माइनक्राफ्टवाल्यांच्याच सर्व्हरवर वर्गणी भरून ठेवलेलं खासगी जग) दिसतं.

आणि टेलस्केल म्हणजे शेवटी व्हीपीएनचंच तंत्र. दुबईवाल्याच्या फोनवर ते बसवायला लावू नका. तिथे व्हीपीएनच्या गैरवापराचे नियम कडक आहेत, आणि गेमसाठी त्याच्या नोकरीशी खेळायचं काही कारण नाही.

म्हणून सरळ रेल्म्स प्लस घ्या. वर्गणी एकानेच भरायची. मालक आणि आणखी दहा जण एका वेळी खेळू शकतात. जग चोवीस तास चालू राहतं, तुमचा पीसी बंद असला तरी टोरंटोवाला त्याच्या दुपारी येऊन शेत नांगरून जातो. पाच जण कधीच एकदम जमत नाहीत अशा ग्रुपला याचा फार उपयोग. तुम्ही रात्री येता तेव्हा कोणीतरी दाराशी पाटी लावून गेलेलं असतं की कोळसा संपलाय.

स्टुटगार्टवाल्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पीएस५ वर विकतचा गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस लागतं. त्याशिवाय मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं. गेम स्क्रीनवर एक कोड दाखवतो, तो फोनवरच्या ब्राउझरमध्ये भरायचा. आणि त्या खात्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मल्टिप्लेअरला परवानगी हवी. खातं काढताना जन्मतारीख उगाच काहीतरी टाकली असेल तर ते लहान मुलाचं खातं धरलं जातं आणि मग पालकांची संमती मागत बसतं. पीएस प्लस नको असेल तर त्याने फोनवर बेडरॉक घ्यावा; स्वस्तही पडतो.

आवृत्तीचाही घोळ होतो. एकाच्या फोनवर अपडेट आलं, दुसऱ्याच्या पीएस५ वर अजून यायचंय, की ‘जुनी आवृत्ती’ म्हणून दार बंद. अपडेट शुक्रवारीच करून ठेवायचं, शनिवारी खेळायला बसल्यावर नाही.

सोंगटी :

तुम्ही सगळे एकदम पाच जणांचं गाव वसवायला निघालात. माझं मत वेगळं आहे. पहिले तीन-चार शनिवार काहीही विकत घेऊ नका, काहीही इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये, लिंकवर चालणारं खेळा. ग्रुप टिकतो का ते आधी कळू दे.

स्क्रिबल डॉट आयओ घ्या. एक चित्र काढतो, बाकीचे ओळखून टाइप करतात. खासगी खोली काढा, चित्राची वेळ ८० सेकंद असते ती तशीच ठेवा, आणि ‘स्वतःचे शब्द’ या चौकटीत मराठी यादी टाका. किमान १० शब्द लागतात, मध्ये स्वल्पविराम, आणि ‘फक्त हेच शब्द’वर टिक करायला विसरू नका, नाहीतर मध्येच इंग्रजी शब्द येतात. वडापाव, कटिंग चहा, दहीहंडी, डबेवाला, चौथी सीट, खिडकीची जागा, तुंबलेलं हिंदमाता, मेगाब्लॉक. टोरंटोवाल्याला मेगाब्लॉकचं चित्र काढायला लावा, पुढची दहा मिनिटं खेळ बंद पडतो.

देवनागरीत एक खोच आहे. तो गेम काना-मात्रा-अनुस्वारही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतो. ‘वडापाव’ला चार रिकाम्या जागा न दिसता सहा दिसतात. शिवाय उत्तर जसंच्या तसं जुळावं लागतं, म्हणजे कोणी ‘दहिहंडी’ लिहिलं की चूक. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणं नको असतील तर वेलांट्या-उकार नसलेले शब्द निवडा, किंवा आधीच ठरवून सगळी यादी रोमन लिपीत टाका. रोमनमध्ये मग ‘डबेवाला’चं स्पेलिंग काय यावरून वेगळं भांडण होतं, पण ते परवडतं.

गार्टिक फोन हा चित्रांचा कानगोष्टीचा खेळ, पाच जणांत छान रंगतो. कोडनेम्सला (दोन गटांत शब्द ओळखायचा खेळ) कमीत कमी चार लागतात, पाचवा एका बाजूला जास्त धरा. ‘अमंग अस’ची (आपल्यातला लपलेला खुनी ओळखायचा खेळ) चौघांत सुरुवात होते, पण पाच जणांत खुनी दुसऱ्याच फेरीला कळतो; सात-आठ झाल्याशिवाय मजा नाही. बायका-नवऱ्यांना ओढा, मग बघा. तो फोन, पीसी, पीएस५ सगळीकडे एकत्र चालतो.

आणि लुडो किंग आहेच. आपल्याच नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा. खासगी खोलीचा कोड पाठवला की झालं. दुबईपासून टोरंटोपर्यंत कोणालाही शिकवावं लागत नाही, आणि सोंगटी मारल्यावर जे तोंड सुटतं त्यासाठीच तर तुम्ही जमताय. ज्या गेममध्ये हात आणि डोळे पूर्ण अडकतात तिथे गप्पा होत नाहीत, ‘मागे मागे, डावीकडे’ एवढंच बोलणं होतं. पाळी येईपर्यंत मोकळं बसायला मिळतं तो खेळ तुमच्या कामाचा.

शनिवार चुकला तर? बोर्ड गेम अरेनावर टेबल लावा, ‘टर्न-बेस्ड’ निवडा, दिवसाला एक चाल. काही खेळांना टेबलावर एक तरी प्रीमियम सभासद लागतो, तेवढं बघून घ्या. बुद्धिबळ असेल तर लीचेस, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, एका चालीला १ ते १४ दिवस देता येतात. गोरेगावकराला लोकलमध्ये अंधेरीपर्यंत एक चाल होते. मध्ये नेटवर्क गेलं तरी काही बिघडत नाही. नेमबाजीचा गेम लोकलमध्ये उघडला तर टॉवर बदलताना प्रत्येक वेळी मरायचं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्राउझरपलीकडे काही करू नका. गेम बसवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल आणि सोमवारी आयटीकडून ईमेल येईल.

रमीचा_राजा :

एवढं कशाला, सरळ रमीचं अ‍ॅप घ्या, पॉइंटला रुपया लावा. पैसे लावल्याशिवाय कोणी वेळेवर येत नाही.

सोंगटी :

राजे, पैसे लावून ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालेत, कौशल्याचा खेळ आहे म्हणूनही सुटका नाही. दुबईत जुगाराची भानगड तर नकोच. हरणाऱ्याने पुढच्या मुंबई भेटीत मिसळ खिलवायची, एवढी पैज पुरे.

पिंग_पंडित :

वेळेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. वेळ भारताच्या घड्याळाला बांधा, कारण आपलं आणि दुबईचं घड्याळ वर्षभर हलत नाही. शनिवार रात्री ८:३० धरा. दुबईत ७. हिवाळ्यात स्टुटगार्टला दुपारचे ४ आणि टोरंटोला सकाळचे १०. उन्हाळ्यात ५ आणि ११. दुबईत २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार आहे, त्यामुळे तोही मोकळा.

गोंधळ मार्चमध्ये होतो. कॅनडाचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, जर्मनीचं शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे टोरंटोला ११ पण स्टुटगार्टला अजून ४ च. शरदात उलटं : जर्मनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते, कॅनडा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ‘साडेआठला भेटू’ असं चॅटवर लिहिण्यापेक्षा गूगल कॅलेंडरवर दर शनिवारचं आमंत्रण लावा. ज्याला-त्याला आपल्या घड्याळात दिसतं. दहाला संपवायचं हेही आधीच ठरवा. टोरंटोवाल्याचा अख्खा शनिवार खाल्लात तर तो चौथ्या आठवड्याला येणार नाही.

गॅलरीवाला :

प्रश्न चारचं उत्तर राहिलं.

पहिलं दुबईचं. युएईत व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलिंग चालत नाही. टीम्स आणि झूमला तिथे मुभा आहे. झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत तुटते, टीम्सची ६०. म्हणून टीम्स, तासाने तुटली की चहा टाका आणि परत तीच लिंक उघडा. बाकीच्यांना डिस्कॉर्ड (गेमवाल्यांचं बोलायचं अ‍ॅप) कितीही आवडत असलं तरी दुबईवाला बाहेर राहिला तर उपयोग नाही. स्टुटगार्टवाल्याने पीएस५ चा आवाज टीव्हीवर हळू ठेवून टीम्स फोनवर घ्यावं, एका कानात.

डेटाची काळजी करू नका. नुसता आवाज ६४ केबीपीएसने धरला तर तासाला जाताना ३० आणि येताना ३० एमबी. कॅमेरे चालू केले की हिशोब बदलतो.

आता रात्रीचं हळू बोलणं. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा होतो, गेमचं संगीतही फुटतं. कारण ब्लूटूथवर माइक चालू झाला की हेडफोन स्टिरिओ सोडून हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून ब्लूटूथचा माइक न निवडता तारेच्या इयरफोनचा माइक निवडा, ऐकायला ब्लूटूथ राहू द्या. किंवा सरळ ३.५ एमएमची तारेची जोडी घ्या, ती उशीरही करत नाही.

माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर, थोडा बाजूला, म्हणजे श्वास फुसफुसत नाही. माइक जवळ असला की कुजबुजूनही पलीकडे नीट पोचतं. लांब ठेवून लेव्हल वाढवली तर पंखा, टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न सगळंच वाढतं. टीम्समध्ये नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट गाळायची सोय) चालू ठेवा, पण त्यात कुजबुजही कधी कधी गोंगाट समजून कापली जाते; शब्द अर्धे येतायत अशी तक्रार आली तर ते कमी किंवा बंद करा. म्यूट असताना विंडोजवर कंट्रोल आणि स्पेसबार एकत्र दाबून ठेवले की तेवढ्यापुरतं बोलता येतं. कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसा, आवाज घुमत नाही आणि भिंतीपलीकडेही कमी जातो. गॅलरीत बसायचा मोह होईल. तिथे तुमचं बोलणं घरात जाणार नाही, समोरच्या बिल्डिंगला मात्र सगळं कळेल.

पावसाळ्यासाठी राउटरला मिनी यूपीएस घ्या. अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचून : १२ व्होल्ट आणि १, १.५ की २ अ‍ॅम्पियर. यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्या किंवा जास्त अ‍ॅम्पियरचा हवा. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते. घरापर्यंत थेट फायबर असेल तर लाइट गेल्यावरही नेट चालेल. पण बिल्डिंगच्या गच्चीवर केबलवाल्याचा स्विच असेल आणि तिथून घरी साधी लॅन केबल आली असेल, तर गच्चीवरचा लाइट गेला की तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य. घ्यायच्या आधी गच्चीवर जाऊन बघा.

वाचनमात्र :

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या ग्रुपात सिडनीवाला आहे, त्याचं काय करायचं देव जाणे.

पिंग_पंडित :

सिडनीला आपले रात्रीचे ८:३० म्हणजे मध्यरात्रीनंतरचे १ किंवा २. त्याला रविवार दुपार द्या किंवा एका दिवसाला एक चाल.

कट्टेकर :

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं असं : पहिले चार शनिवार स्क्रिबल आणि लुडो, टीम्सवर बोलणं, ८:३० ते १०. टिकलो तर रेल्म. जावाचा सर्व्हर बंद करतो आणि पोर्टही बंद करतो. एक शेवटची शंका : रेल्मची वर्गणी मध्ये थांबवली तर जग जातं का?

मोहोर :

लगेच पुसलं जात नाही, पण कायमचंही ठेवत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा प्रत काढायची. मालकाने पीसीवरच्या बेडरॉकमध्ये रेल्मच्या नावाशेजारची पेन्सिल दाबायची, तिथे ‘डाउनलोड वर्ल्ड’ मिळेल. जग स्थानिक यादीत येतं. त्याच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली ‘एक्सपोर्ट’ आहे, त्यातून एकच फाइल निघते. डाउनलोड फक्त मालकालाच करता येतं, त्यामुळे ज्याला हे आठवणीने जमेल त्याच्याच नावावर वर्गणी घ्या. पोर्टबरोबर राउटरमधलं यूपीएनपीही एकदा तपासा. ते चालू असेल तर एखादा प्रोग्राम न विचारता परत पोर्ट उघडून बसतो.